वांगी, लॉट एकतीस

"हलू नका," मी म्हणाले.

तो एक पाय दुकानात आणि एक पाय पायरीवर ठेवून जागच्या जागी थांबला. बिचाऱ्याला वाटलं असणार, पायाखाली काहीतरी आहे. पायाखाली काहीच नव्हतं. त्याच्या उजव्या बाहीतून एक राखाडी धागा निघाला होता, तो पायरी उतरून शेजारच्या चष्म्याच्या दुकानाच्या शटरच्या कडीपर्यंत गेला होता, आणि हा गृहस्थ स्वतःचा स्वेटर उसवत उसवत माझ्याकडे आला होता.

"काय झालं?"

"अजून चार पावलं चालला असतात तर कोपर उघडं पडलं असतं. उभे राहा तसेच."

मी बाहेर जाऊन कडीतून धागा सोडवला आणि बोटांभोवती गुंडाळत गुंडाळत मागे आले. धागा संपला तिथे त्याचं मनगट होतं. मान वर केली, तर तो धाग्याकडे बघतच नव्हता… माझ्याकडे बघत होता. बाहेर बोचरा वारा होता आणि त्याचे कान थंडीनं लाल झाले होते. थंडीनंच, असं मी त्या वेळी धरून चालले.

"बसा," मी स्टूल पुढे केलं. "हात काउंटरवर ठेवा. पाच ओळी गेल्यात. भरून देते."

क्रोशाची सुई घेऊन मी एकेक टाका उचलायला लागले. तो शाळेतल्या मुलासारखा हात पुढे करून बसला होता. बाही नीट बघितली आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला.

"हा स्वेटर दोन लॉटच्या लोकरीचा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाह्यांचा राखाडी वेगळा आणि अंगाचा वेगळा. कुणी विणला?"

"ताईनं. सहा वर्षं घालतोय. आजवर कुणी बोललं नाही."

"सगळे सभ्य असतील," मी म्हणाले. "आमच्या दुकानातून घेतली असती तर हे झालं नसतं. चाळीस वर्षांत इथून गेलेली लोकर कुणाच्या अंगावर दोन रंगांची निघालेली नाही."

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी गर्विष्ठ आहे. लोक पाठीमागे म्हणतात, मी स्वतः तोंडावर म्हणते. दहा बाय पंधराची खोली, तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर लोकर, एवढंच आमचं दुकान. त्यात गर्व करण्यासारखं काय, तर तो एक शब्द. लोकर रंगवणारे एका वेळी जेवढे गुंडे रंगवतात त्यांच्यावर एक लॉट नंबर पडतो. पुढच्या वेळी रंग तोच, माप तेच, तरी छटा केसभर हलतेच. ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात मात्र चोरी पकडली जाते. म्हणून एका स्वेटरला एकाच लॉटची लोकर द्यायची, कमी असेल तर नाही म्हणायचं, हा बाबांचा नियम होता. तो शब्द गेला तर आमच्याकडे उरतं काय? दहा बाय पंधराची खोली.

"झालं," मी धागा तोडून म्हणाले. "आता बोला, काय दाखवू?"

"मला मालकांना भेटायचं होतं."

"बोला."

"मालक… म्हणजे मालकांना."

"मी तेच म्हणतेय. बोला."

कान आणखी लाल झाले. त्यानं पिशवीतून एक ओळखपत्र काढलं, ते उलटं धरलं, मग सुलटं केलं. "मी पेमेंट कंपनीकडून आलोय. तुम्ही अर्ज केला होता… स्टॉकच्या साधनासाठी. मला दहा वाजता यायचं होतं."

पावणेबारा वाजले होते. ज्या माणसाला मी सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घालत होते, त्याचीच बाही मी फुकट भरून दिली होती.

आतल्या खुर्चीतून बाबांचं हसू ऐकू आलं. "मालकीणबाई, चहा सांगा आता. मोजणीवाले आले."

तेव्हापासून त्याचं नाव मोजणीवाले पडलं.

*

अर्ज का केला होता, तेही सांगते. बाबांचे डोळे चांगले होते तोवर दुकानाला वहीसुद्धा लागली नाही. कुठल्या फळीवर कुठला रंग, कितवा लॉट, किती गुंडे, सगळं तोंडपाठ. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांसमोर धुकं आहे आणि डॉक्टर म्हणाले की ते आता जायचं नाही. मग सगळं माझ्या डोक्यावर आलं. त्यात फोनवरून येणाऱ्या ऑर्डरी. मागच्या हिवाळ्यात एकच पिवळी लोकर मी दोन गावच्या दोन बायकांना विकून बसले होते. काउंटरवरच्या पाटीवर गिऱ्हाईक फोन धरून पैसे देतात, त्याच कंपनीनं आता फोनवर चालणारं हे नवीन साधन काढलं होतं. पैसे आले की मालाचा आकडा आपोआप खाली उतरतो, माल कमी झाला की फोन टिंग करून सांगतो, आणि लांबचं गिऱ्हाईक लिंकवर बघून घरूनच मागवतं.

"पण एकेका रंगाची नोंद करून भागायचं नाही," मोजणीवाले दुसऱ्या दिवशी फळ्यांकडे बघत म्हणाले. "लॉटची वेगळी ओळ करू. राखाडी, लॉट अमुक. राखाडी, लॉट तमुक."

मी चमकून बघितलं. कंपनीच्या माहितीपत्रकात असलं काही नव्हतं.

"काल तुम्हीच शिकवलंत," ते बाही दाखवत म्हणाले. "मी रात्री आरशात बघितलं. खरंच दोन रंग आहेत. आता घालवत नाही."

"मग आज का घातलाय?"

"म्हटलं, पुन्हा कुठे अडकला तर… जवळच दुकान आहे."

मी शिडीवर चढून पाठ फिरवली. हसू आलं की माझा आब जातो.

असे आम्ही मोजायला बसलो. मी शिडीवरून गुंडे खाली टाकायचे, ते झेलायचे आणि फोनवर टिपायचे. एक गुंडा मी मुद्दाम नेम धरून टाकला, तोही झेलला. प्रत्येक रंगाचं नाव त्यांना हवं असायचं.

"हा कुठला?"

"वांगी."

"इतका सुंदर रंग, आणि नाव वांगी?"

"मग काय ठेवायचं?"

"सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश कसं होतं… तसं काहीतरी."

"गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणेल, सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश कसं होतं त्याचे दहा गुंडे द्या. लिहा, वांगी. लॉट एकतीस, बारा गुंडे. त्याच्याखाली लॉट चौतीस, वीस गुंडे."

"तुम्हाला आवडतो वाटतं हा रंग. बाकीचे फेकलेत, हा हातात दिलात."

माणूस मोजण्यात पक्का होता. मी पुढच्या फळीकडे वळले.

एखादा गुंडा यादीतून काढायचा तर साधन कारण विचारतं. त्यांनी एकेक वाचून दाखवलं. विकला, परत पाठवला, खराब झाला, हरवला, घरच्या वापरासाठी.

"ते शेवटचं काढून टाका," मी म्हणाले. "आमच्या घरात मोजे विणायचे तरी गल्ल्यात पैसे टाकून लोकर घेतात. बाबासुद्धा."

"काढता येत नाही. कंपनीनं ठेवलंय."

"राहू दे मग. लागायचं नाही कधी."

संध्याकाळी निघताना ते काउंटरपाशी रेंगाळले. "रोज एक खरी विक्री करून बघावी लागते. आकडा उतरतो की नाही ते. नियम आहे कंपनीचा."

"सेफ्टी पिनांचं पाकीट घ्या. स्वस्तात पडेल."

"नको. ते… वांगी द्या. लॉट एकतीसचा. एक."

त्यांनी फोन पाटीवर धरला, पैसे आले, बाराचे अकरा झाले. दुसऱ्या दिवशी अकराचे दहा. तिसऱ्या दिवशी दहाचे नऊ, आणि फोन टिंग करून म्हणाला, वांगी लॉट एकतीस, माल कमी आहे. चौथ्या दिवशी पुन्हा टिंग. पाचव्या दिवशी, सहाव्या दिवशी… गिऱ्हाईक समोर असलं तरी टिंग, बाबा जेवत असले तरी टिंग.

सातव्या दिवशी मला राहवेना. लॉट एकतीस आणि चौतीसचे गुंडे मी शेजारी शेजारी धरले. ट्यूबलाइटखाली. काही फरक नाही. असता तर मला दिसला नसता का? दोन्ही ओळी मी एकत्र करून टाकल्या. साधनानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. टिंगटिंग बंद झाली.

"वांगी सव्वीस दाखवतंय," मोजणीवाल्यांनी आल्या आल्या पकडलं. "एकत्र केलेत?"

"एकच आहेत. मी बघितलंय."

"उन्हात?"

"माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही का तुमचा?"

"तुमच्या डोळ्यांबद्दल मी काय बोलणार…" ते म्हणाले, आणि मग वाक्य कुठे चाललंय ते त्यांच्याच लक्षात आलं. उरलेली दुपार त्यांनी सुयांच्या नंबरांमध्ये मान घालून काढली. मीही पुन्हा विचार केला नाही. माझ्या डोक्यात लॉट नव्हतेच, ते अर्धं वाक्य होतं.

त्यानंतर त्यांची वांगी खरेदी थांबली. चाचणी पूर्ण झाली म्हणे. येणं मात्र थांबलं नाही. देखरेख करावी लागते, तोही नियमच होता. दुपारी मी पार्सलं घेऊन कुरिअरला जायचे आणि परत यायचे तेव्हा बाबा आणि ते आतल्या खुर्च्यांवर एकदम गप्प बसलेले असायचे, काहीतरी घाईनं पिशवीत कोंबल्यासारखे.

"काय चाललंय?"

"मोजणी," दोघंही म्हणायचे.

एकदा बाबा एवढंच म्हणाले, "मोजणीवाले, ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?" त्यावर मोजणीवाल्यांना खोकला आला.

*

सोमवारी सकाळी त्या आल्या. शाळेतल्या बाई. अडीच आठवड्यांपूर्वी लिंकवरून त्यांनीच वांगी रंगाचे दहा गुंडे मागवले होते, आणि मी साधनातला आकडा बघून दहा गुंडे भरले होते. बाईंनी पिशवीतून स्वेटर काढला आणि तो घेऊन थेट पायरीवर, उन्हात गेल्या.

"ये इकडे," म्हणाल्या.

पाठपोट गडद वांगी होतं आणि बाह्या तांबूस. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"आमच्या शिपाईमामांसाठी विणलाय," बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं घंटा देतायत. सगळ्या शाळेला वेळेवर वर्गात बसवलं, स्वतः मात्र थंडीत व्हरांड्यात उभे. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ आहे. मी मुद्दाम तुमच्याकडून लोकर घेतली. लोक म्हणाले, त्या दुकानात डोळे मिटून घ्या."

 चाळीस वर्षं आणि लॉटची पहिली चूक. आणि चाळीस वर्षं सांभाळलेल्या गर्वानं माझ्या तोंडून काय बाहेर काढलं असेल?

"ते… आम्ही नवीन साधन बसवलंय ना, त्यात काहीतरी गडबड झालीये."

 मोजणीवाले मागच्या फळीपाशी उभे होते. ते पुढे आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाले, "हो बाई. नोंदीत चूक झाली. माझ्याकडून. मी कंपनीला तसं कळवतो."

बाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "चूक कुणाचीही असो," म्हणाल्या, "मामांना दोनरंगी स्वेटर घालून मंचावर बसवायचं नाही मला." त्या स्वेटर काउंटरवर ठेवून गेल्या. पाठोपाठ मोजणीवालेही पिशवी उचलून "येतो" म्हणाले. चहा तसाच राहिला.

"कुणी केली चूक?" बाबांनी विचारलं.

मी काउंटरवरच्या स्वेटरची घडी घालायला लागले.

"मला दिसत नाही गं. पण ऐकू येतं. तुझा आवाज खोटा होता."

गर्वाचं घर खाली म्हणतात ना, ते किती खाली असतं ते त्या दिवशी कळलं. काहीतरी करायला हवं म्हणून मी फोनवर ते साधन उघडलं. काय बदललं, केव्हा बदललं, कुणी बदललं, सगळं त्यात राहतं. मी बोटानं मागे मागे गेले. वांगी एकतीस आणि वांगी चौतीस एकत्र केले. सकाळी अकरा दहा. कुणी, तर मालक. भांडायला जागाच नव्हती.

आणि त्याच्या वर, ओळीनं सहा नोंदी होत्या. वांगी, लॉट एकतीस, एक गुंडा, चाचणी. सहा दिवस, सहा गुंडे. दोन बाह्यांना चार लागतात. म्हणजे जगात कुठेतरी लॉट एकतीसचे सहा गुंडे अजून होते, आणि ते कुणाकडे होते ते मला माहीत होतं.

पण आधी दुसरा फोन करायचा होता. मी कंपनीचा मदतीचा नंबर लावला. पलीकडे एक गोड आवाजाची बाई होती.

"तुमच्या माणसाच्या नावावर आज एक चूक नोंदवली जाईल," मी म्हणाले. "ती त्यांची नाही. लॉट मी एकत्र केले, त्यांनी वेगळे ठेवले असताना. लिहून घ्या. चूक माझी." शेवटचे दोन शब्द उच्चारायला मला जेवढा जोर लागला तेवढा शटर उघडायलाही लागत नाही.

"घेतलं लिहून. अजून काही मदत?"

"नाही. माणूस चांगला आहे तुमचा. रोज येऊन बघतो, रोजची चाचणी विक्री करायचा…"

"रोज?" ती म्हणाली. "चाचणी एकदाच असते हो ताई. पहिल्या दिवशी."

"आणि देखरेखीचा नियम?"

"असा काही नियम नाही. दुकान लावून द्यायला आम्ही दोन दिवस देतो." मग तिच्या आवाजात हसू आलं. "तुमच्याकडे किती दिवस झाले?"

"अजून काही मदत नको," मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझे कान तापले होते. थंडी होती, तरी तापले होते.

मग बाईंना फोन करून सांगितलं की खरी चूक माझी, दोन्ही बाह्या मी नव्यानं विणून देते, शनिवारी सकाळी स्वेटर तयार असेल. त्या फक्त "बरं" म्हणाल्या. त्यानंतर तिसरा फोन.

"मोजणीवाले, मी बोलतेय."

"बोला."

"ते सहा गुंडे… वांगी. आहेत का?"

"आहेत. म्हणजे… आहेत, पण गुंडे नाहीत."

"म्हणजे काय?"

"उद्या सकाळी आणून दाखवतो. हसायचं नाही पण."

"मी कशाला हसेन?" मी म्हणाले. "मला माफी मागायचीये. पण ती फोनवर नाही मागणार. समोर या, मग मागते. मला एकदाच जमेल, नीट बघून घ्या."

*

मंगळवारी दहाच्या ठोक्याला ते दारात उभे. स्वेटर तोच, राखाडी. पिशवीतून त्यांनी जे काढलं त्याला मफलर म्हणायचं, कारण दुसरं काही म्हणता येत नव्हतं. एका टोकाला वीतभर रुंद, दुसऱ्या टोकाला दीड वीत, मध्ये दोन ठिकाणी टाके सुटलेले आणि कडा नागमोडी. पण रंग… लॉट एकतीसचा, गडद, सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाश होतं तसा.

"कुणी शिकवलं?"

आतून बाबा म्हणाले, "डोळे गेलेत, हात शाबूत आहेत. मी नुसतं चाचपून सांगायचो, इथे टाका सुटला. रोजच सुटायचा."

"कुणासाठी?" मी विचारलं. माहीत होतं. तरी विचारलं.

"ज्यांनी माझी बाही भरून दिली त्यांच्यासाठी." ते जमिनीकडे बघत होते. "एकाच लॉटचा आहे. तेवढं मी बघितलं. बाकी… बाकी काही जमलेलं नाही."

मला जे बोलायचं होतं ते मी आरशात बघून दोनदा म्हणून ठेवलं होतं. आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "आणि मी ती तुमच्यावर ढकलली. चाळीस वर्षांच्या दुकानाची लाज झाकायला तुमचं नाव वापरलं. माफ करा मला."

"केलं."

"इतक्या लवकर?"

"काल पायरी उतरतानाच केलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी मफलरचं टोक शोधलं आणि धागा ओढायला बोटात धरला. "चला, बाह्यांना चार गुंडे लागतील ना?"

"थांबा."

मी मफलर त्यांच्या हातातून घेतला. गळ्याभोवती दोन वेढे दिले आणि आरशासमोर उभी राहिले. माप चुकलेलं, कडा वेड्यावाकड्या, आणि आजवर अंगावर घातलेल्या कुठल्याही कपड्याचा मला इतका अभिमान वाटलेला नव्हता. आरशात ते माझ्या मागे दिसत होते.  मग मी मफलर काढला आणि टोक स्वतःच ओढलं.

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, वजन लावून वाळवायची, तेव्हा ती सरळ होते. लडी करायला समोर कुणीतरी दोन्ही हात पसरून बसावं लागतं. ते बसले. मी त्यांच्या दोन हातांवरून धागा फिरवायला लागले… या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर. पंधरा दिवसांचं काम अर्ध्या तासात उसवत होतं आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"हात बांधलेत तुम्ही माझे. आता काय वाईट वाटून घेणार?"

"सोडू?"

"घाई नाही."

"कंपनीचा काही नियम आहे का, इतका वेळ बसायचा?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग दुप्पट चढला. "तुम्हाला… कुणी सांगितलं?"

"मदतीच्या नंबरवरच्या ताईंनी. दोनच दिवस देतात म्हणे दुकान लावायला. तुमचे अठ्ठावीस झालेत. मी मोजलेत."

ते उठून पळायला बघत होते, पण हातात सहा गुंड्यांची लोकर होती.

"हलू नकोस," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानं मान वर केली, मी खाली घातली, आणि धागा या हातावरून त्या हातावर फिरत राहिला. आतल्या खुर्चीत बाबा मुद्दाम मोठ्यानं घोरायला लागले.

*

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी काउंटरमागे बसून बाह्या विणल्या. गिऱ्हाईक बघायचा तो. शिडीवर चढायचा, लॉट वाचून दाखवायचा, प्रत्येक गुंडा दारात नेऊन उन्हात बघायचा आणि मगच द्यायचा. एका बाईंनी विचारलं, नवीन माणूस ठेवलात वाटतं? बाबा म्हणाले, ठरतंय अजून.

शनिवारी सकाळी बाई आल्या. आम्ही तिघंही पायरीवर गेलो. स्वेटर मी दोन्ही हातांनी उन्हात पसरला. पाठ, पोट, बाह्या, कॉलर, सगळा एक रंग. बाईंनी चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं, बाही उलटी करून बघितली.

"आता मामांना मंचावर बसवते," त्या म्हणाल्या. माझ्या गालावर त्यांनी हलकेच चापट मारली. "आणि त्या दिवशी फोन केलास ते बरं केलंस. पण मला त्याआधी दुकानातच कळलं होतं. स्वतःची चूक कबूल करणारं पोर जमिनीकडे बघतं. हा तुझ्याकडे बघत होता. बत्तीस वर्षं वर्गात उभी आहे मी, दुसऱ्याचा मार खाणारे ओळखू येतात मला."

त्या गेल्या. पस्तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगावर आज आमच्या दुकानाची लोकर बसणार होती, अख्खी एका रंगाची. चूक झाली, कबूल केली आणि निस्तरली. पहिल्या चाळीस वर्षांपेक्षा मला त्या एका आठवड्याचा गर्व जास्त वाटला, आणि तो मी लपवला नाही.

काउंटरवर दोन गुंडे उरले होते. वांगी, लॉट एकतीस. जगातले शेवटचे दोन.

"यांची नोंद करू," तो फोन घेऊन म्हणाला. "दोन्ही ओळी मी पुन्हा वेगळ्या केल्यात. एकतीसमध्ये दोन टाकतो. विकायला ठेवायचे?"

"हे तुझेच. पैसे दिलेस तू."

"मग परत पाठवला?"

"छे. टाक आणि लगेच काढ यादीतून. विकायचे नाहीत. या दोन्हींचा मी मफलर विणणार आहे. छोटासा. तुझ्या गळ्यापुरता. तुला त्या दोनरंगी स्वेटरात किती दिवस बघायचं?"

त्यानं बोट फिरवलं. "कारण विचारतंय."

"दाखव."

फोन आमच्या दोघांच्या मध्ये होता. त्याच्या खांद्याचा राखाडी स्वेटर माझ्या दंडाला लागत होता, आणि आम्ही दोघंही ती यादी पुन्हा पुन्हा वाचत होतो. विकला. परत पाठवला. खराब झाला. हरवला.

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. घरच्या वापरासाठी.

"तू म्हणाली होतीस, ते कधी लागायचं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "घरच्या म्हणजे… कुणाच्या घरच्या?"

साधनानंही विचारलं, नक्की?

"आपल्या," मी म्हणाले, आणि हो दाबलं.